सायकलवर चढणं आणि उतरणं



उन्हाळ्याच्या सुटीत पुतण्याची मुलगी आमच्याकडे राहायला आली होती. वय नऊ. सोबत नवी सायकल, तीही दोन वर्षं पुरावी म्हणून जरा मोठीच घेतलेली. चार दिवसांत घर ते बस्ती आणि बस्ती ते घर अशा फेऱ्या सुरू झाल्या. पण प्रत्येक फेरी निघायची ती आमच्या ओट्याच्या पायरीपासून. सायकल पायरीला टेकवायची, पायरीवर उभं राहून सीटवर बसायचं आणि मग पायाने रेटा द्यायचा. बस्तीपाशी उतरली की परत निघण्यासाठी तिथला कट्टा शोधायचा. मी विचारलं तर म्हणाली, "आजी, चालवता येते गं. चढता येत नाही."

हेच वाक्य मी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी आमच्या आक्काच्या तोंडून ऐकलं होतं. आक्काला ते फार महाग पडलं. ती गोष्ट पुढे सांगतेच. पण नातीच्या बोलण्यामुळे मी शोधायला लागले की सायकलवर चढायची आणि उतरायची रीत आली कुठून? आपण सगळ्या डावीकडूनच का चढतो? जे वाचलं त्यातलं बरंच मला आपल्याच घरातलं वाटलं, म्हणून आज लिहिते आहे.

आधी चढणं नव्हतंच

सायकलची पहिली आवृत्ती जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल ड्रेस यांनी १८१७ साली रस्त्यावर आणली. दोन लाकडी चाकं, मध्ये बसायला जागा आणि पुढे वळवायला दांडी. पायडल नाही, चेन नाही. माणसाने त्यावर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. चढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाय जमिनीवरच असत. थांबायचं तर पाय टेकले की झालं. आजकाल तीन-चार वर्षांच्या मुलांना बिनपायडलची छोटी सायकल देतात, ती हीच.

पॅरिसमध्ये १८६० नंतर पुढच्या चाकाला पायडल बसलं आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. चढणं आणि उतरणं ही शिकायची गोष्ट झाली ती तेव्हापासून. सायकल हातात धरून धावायचं आणि धावता धावता उडी मारून सीटवर बसायचं, अशी तेव्हाची रीत होती. ती पुरुषांनाच जमायची, आणि सगळ्या पुरुषांनाही नाही.

मग १८७० च्या दशकात ती उंच चाकाची सायकल आली, जी आपण जुन्या चित्रांत पाहतो. पुढे माणसाच्या छातीएवढं चाक आणि मागे ताटाएवढं. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलं असल्याने पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून वेग हवा तर चाक मोठं हवं. चार-साडेचार फुटांची चाकं असत, काही तर पाच फुटांची. ज्याचे पाय लांब, त्याचं चाक मोठं.

आता एवढ्या उंचीवर चढायचं कसं? मागच्या छोट्या चाकाच्या वर, सायकलच्या कण्याला डाव्या बाजूस एक लहानशी पायरी असे. मागे उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरायचं, डावा पाय त्या पायरीवर ठेवायचा, उजव्या पायाने लंगडी घालत सायकलला वेग द्यायचा, मग पायरीवर उभं राहून पुढे सरकत सीटवर बसायचं आणि फिरणारी पायडलं पायांनी पकडायची. उभ्या सायकलवर चढताच येत नसे. उतरतानाही सगळं उलटं. वेग कमी करायचा आणि डावा पाय मागे नेऊन न बघता ती पायरी चाचपायची. वाटेत दगड आला तर माणूस हँडलवरून डोक्यावरच पुढे पडे. शिकवण्यातला मोठा भाग चढण्या-उतरण्याचाच होता.

घोळदार घागऱ्यातल्या बाईला हे शक्यच नव्हतं. तिथल्या ज्या बायकांना हौस आणि पैसा होता, त्या तीन चाकांची गाडी चालवत. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली अशी तीनचाकी मागवली होती. तीनचाकीवर बसायचं म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखंच.

चाक लहान झालं, सवय राहिली

१८८५ साली इंग्लंडच्या कोव्हेंट्री गावात जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल बनवली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, आणि पायडलची ताकद चेनमधून मागच्या चाकाला. तिला 'सुरक्षित सायकल' म्हणत. आज आपल्या दारात उभी असते ती हिचीच लेक. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि सायकलचे हादरे कमी झाले.

आता पाय जमिनीला टेकत होते. मागून चढण्याची गरज उरली नव्हती. तरी गंमत बघा. या नव्या बुटक्या सायकलींच्या मागच्या चाकाच्या आसापाशीही डावीकडे पाय ठेवायला एक खुंटी दिलेली असे, आणि पुरुष पूर्वीसारखेच मागून लंगडी घालत, खुंटीवर उभे राहत पुढे सीटवर सरकत. ही खुंटी पुढची बरीच वर्षं टिकली. गरज संपते, पण अंगवळणी पडलेली सवय मागे राहते. आपल्या स्वयंपाकघरातही अशा किती गोष्टी आपण करतो! सासूबाई करायच्या म्हणून आपण करतो, आणि त्या का करायच्या हे विचारायला आता कोणी नसतं.

डावीकडून चढण्याचंही असंच आहे. घोड्यावर डावीकडून चढायची रीत जुनी. कमरेला डावीकडे तलवार असायची, ती आड येऊ नये म्हणून, असं सांगितलं जातं. सायकलवाल्यांनी तीच बाजू घेतली. पण इथे ती उपयोगाचीही ठरली. चेन उजवीकडे असते, त्यामुळे डावीकडे उभं राहिलं की कपडे चेनपासून लांब राहतात. शिवाय आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे उतरलं की पाय रहदारीत न पडता कडेला पडतो. तेव्हा ही सवय जुनी असली तरी सोडण्यासारखी नाही.

घागऱ्याने शोधलेली रीत

मागून चढायचं तर घागरा चाकात जाणार आणि टांग टाकायची तर दांडा आड येणार. म्हणून १८९० च्या आसपास बायकांच्या सायकलीचा वरचा दांडा खाली वाकवला गेला. मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आणि चेनवर झाकण आलं. आपल्या लेडीज सायकलीला साडी अडकू नये म्हणून जी जाळी असते, तिचं मूळ हे.

या सायकलीवर चढण्याची वेगळी रीत तयार झाली. सायकलच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सीटच्या पुढे उभं राहायचं. उजवं पायडल वर आणि किंचित पुढे आणायचं. त्यावर उजवा पाय ठेवून जोर द्यायचा. त्या एकाच जोराने सायकल पुढे जाते आणि आपण वर उचलले जातो. मग अलगद मागे सीटवर टेकायचं. धावणं नाही, उडी नाही, लंगडी नाही.

१८९६ साली न्यूयॉर्कच्या मारिया वॉर्ड यांनी 'बायसिकलिंग फॉर लेडीज' हे पुस्तक काढलं. त्यात चढणं-उतरणं टप्प्याटप्प्याने समजावलेलं आहे. त्यातली चित्रं त्यांची मैत्रीण अ‍ॅलिस ऑस्टेन हिने काढलेल्या छायाचित्रांवरून केलेली होती. बायकांनी पाना-स्क्रूड्रायव्हर हातात धरायला शिकावं, सायकल स्वतः दुरुस्त करावी, असंही त्या बाईंनी बजावून लिहिलं आहे. त्या काळी काही डॉक्टर, सायकलने बायकांचा चेहरा कायमचा ताणलेला होतो, असले इशारे देत होते. त्या काळात ही बाई पाना कसा धरायचा ते सांगत होती!

पण या सगळ्यांत मला आपली वाटली ती फ्रान्सेस विलार्ड. अमेरिकेतल्या बायकांच्या दारूबंदी चळवळीची ती जवळजवळ वीस वर्षं अध्यक्ष होती. म्हणजे व्यसनत्यागाचं काम करणारी, शिस्तीची बाई. तिने लिहिलं आहे की सोळाव्या वाढदिवसापर्यंत ती रानात मोकळी हुंदडायची. त्या दिवशी लांब घागरा आला, केस वर बांधले गेले आणि धावणं संपलं. पुढे आई गेली, स्वतःची तब्येत ढासळली, आणि वयाच्या ५३ व्या वर्षी इंग्लंडमध्ये असताना तिने सायकल शिकायला घेतली. सायकलीचं नाव ठेवलं 'ग्लॅडिस'. सुरुवातीला तीन धडधाकट तरुण सायकल धरून उभे असत आणि ही घाबरत घाबरत वर चढे.

१८९५ साली तिने या शिकण्यावर 'अ व्हील विदिन अ व्हील' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. रोज सरासरी पंधरा मिनिटं, असे सुमारे तीन महिने लागले, असा हिशेब तिने दिला आहे. आणि शिकण्याचा क्रम दिला आहे: आधी पायडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि सगळ्यांत शेवटी कोणाच्या मदतीशिवाय चढणं.

हा क्रम वाचला आणि मी थांबले. आपल्याला वाटतं की चढणं ही पहिली पायरी. तसं नाही. कोणीतरी धरलेलं असेल तर चढता येतं, चालवताही येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हिला सायकल येते. पण धरणारा माणूस नसेल तर ती जागची हलू शकत नाही. विलार्डने २० जानेवारी ही तारीख मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. त्या दिवशी ती कोणीही शेजारी उभं नसताना चढली आणि एकटी निघाली. आधी चार-दोनदा चढली होती, पण तेव्हा धीर द्यायला कोणीतरी जवळ असायचं.

उतरणंही तेव्हा सोपं नव्हतं. फ्रीव्हील सर्रास आलं ते १९०० च्या सुमारास. त्याआधी चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राही. पाय थांबवून निवांत बसण्याची सोयच नव्हती. वर येणारं पायडल नेमकं ओळखून त्यावर भार देऊन खाली उतरावं लागे. चुकलं की पायडल नडगीवर.

आक्काची सायकल

आता आपल्याकडे येते. आपल्या देशात आधी इंग्लंडच्या सायकली यायच्या. स्वातंत्र्यानंतर इथले कारखाने उभे राहिले. सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. आमच्या घरी अण्णांची काळी अ‍ॅटलास होती. दांड्याची, चोवीस इंची, मागे भक्कम कॅरिअर. शेतातला भाजीपाला, गुळाची ढेप, दळणाचा डबा आणि आम्ही भावंडं, सगळं तिच्यावरूनच जायचं.

आमच्या आज्जीचं नेसण नऊवारी, काष्ट्याचं. आज्जी बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन सहज वर चढायची, माळवदावर शिडीने जायची. काष्ट्यात टांग टाकायला काहीच अडचण नव्हती. पण तिच्या हातात सायकल कोणी दिली नाही. आणि आमच्या पिढीच्या हातात सायकल आली तेव्हा अंगावर परकर आणि पुढे गोल पाचवारी. त्यात टांग टाकता येत नाही. असा हा उलटा हिशेब.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणी दांड्याखालून पाय घालून, एका बाजूला कलून ती झकास सायकल चालवायची. आपल्यापैकी किती जणी अशाच शिकल्या असतील! सातवीनंतर हायस्कूल तालुक्याला, तीन मैलांवर. शाळा साडेपाचला सुटायची. घरात दिवस मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. चालत यायचं तर तासाच्या वर, म्हणजे उपास ठरलेला. सायकलवर मात्र वीस-पंचवीस मिनिटांत घर. अण्णांनी सायकल दिली, ही त्या काळी मोठीच गोष्ट.

पण परकर घालून दांड्यावरून टांग टाकता येईना, आणि वयात आलेल्या पोरीने तशी टांग टाकलेली आज्जीला चालेना. मग सकाळी दादा दारात सायकल धरायचा आणि ती पायरीवरून आडवी होऊन चढायची. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी एखादी मैत्रीण धरायची. एकदा निघाली की आक्काला कोणी गाठू शकत नसे. अडचण यायची मध्येच उतरावं लागलं की. उसाच्या गाड्या आडव्या यायच्या, म्हशींचा कळप यायचा. उतरली की परत चढता येत नसे. उरलेली वाट ती सायकल हातात धरून चालत यायची. दारात पोहोचेपर्यंत अंधार. आई काही बोलायची नाही. ताट झाकून ठेवलेलं उचलून आत न्यायची. आक्का हातपाय धुऊन णमोकार म्हणून झोपायची. असे किती दिवस गेले ते मी मोजलेले नाहीत, लहान होते. पण झाकलेलं ताट मला आठवतं.

नववी झाली आणि दादा शिकायला कोल्हापूरला बोर्डिंगात गेला. सकाळी सायकल धरायला कोणी उरलं नाही. त्या जूनपासून आक्का शाळेला गेली नाही. कोणी तिची शाळा बंद केली असं नाही. कोणी रागावलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. धरायला माणूस नव्हतं, इतकंच.

मी शिकले तोवर मामांकडून लेडीज सायकल आली होती. वाकलेल्या दांड्याची, जाळीवाली. मी अकरावी झाले, पुढेही शिकले. आक्कापेक्षा मी हुशार होते असं मुळीच नाही. माझ्या सायकलचा दांडा वाकलेला होता.

पुदुकोट्टईच्या बायका

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्याचं नाव आपल्याला सित्तन्नवासलमुळे माहीत असावं. जैन मुनींची ती प्राचीन टेकडी. तिथल्या गुहामंदिरात कमळांच्या तळ्याचं भित्तिचित्र आहे. वर डोंगराच्या कपारीत मुनींसाठी दगडात घासून केलेल्या शय्या आहेत आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा तमिळ-ब्राह्मी लेख आहे. त्या जागेचं नाव एळडिपट्टम. कातळात पाय ठेवायला खोदलेल्या सात पायऱ्यांवरून ते पडलं.

याच जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीच्या जोडीला बायकांना सायकल शिकवायचं ठरवलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीच्या बाया, हजारो जणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. सत्तर हजारांहून जास्त बायकांनी जाहीर कार्यक्रमांत सायकल चालवून दाखवली, असा आकडा त्यांनी दिला आहे. मागणी एवढी की लेडीज सायकली मिळेनात. मग बायकांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. आणि नंतर काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर पोराला बसवता येतं!

जो दांडा आमच्या आक्काला आडवा आला, त्याच दांड्यावर त्यांनी लेकरू बसवलं. साडी त्यांचीही होतीच. फरक इतकाच की तिथे शेकडो जणी एकदम शिकत होत्या. सगळ्याच टांग टाकायला लागल्यावर हसणार कोण?

पुढे बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. त्यानंतर तिथे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासकांनी मोजलं आहे. आपल्या महाराष्ट्रातही मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. अशा बातम्या वाचताना मला दरवेळी वाटतं की सायकल दिली ते छानच, पण चढायला शिकवलं ना?

पाय ठेवण्यापूर्वी

आपले मुनिराज वाहन वापरत नाहीत, पायीच विहार करतात. चालताना समोरची चार हात जमीन निरखून, दिवसाउजेडी, जीवजंतू वाचवत चालायचं, ही त्यांची ईर्यासमिती. आपण गृहस्थ, आपल्याला वाहन लागतं. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितलं आहे. तेव्हा जितकं सावध राहता येईल तितकं राहणं हे आपल्याही वाट्याला येतंच.

सायकल चालवताना डोळे आपोआप समोर असतात. बेसावधपणा होतो तो चढताना आणि उतरताना. चढताना नजर पायडलकडे असते, उतरताना दाराकडे किंवा कोणाच्या हाकेकडे. पाय कुठे पडतो ते बघितलंच जात नाही. पावसाळ्यात तर अंगणभर गांडुळं, गोगलगायी, मुंग्यांच्या रांगा.

माझी स्वतःची सवय चालत्या सायकलवरून उतरायची. उजवा पाय मधून काढून डाव्या पायडलवर उभं राहायचं आणि वेग असतानाच खाली पाऊल टाकून दोन पावलं धावायचं. चाळीस वर्षं तशीच उतरले, आणि खरं सांगते, त्यात ऐट होती. गेल्या पावसाळ्यात बस्तीसमोर तशी उतरताना चप्पल शेवाळावरून घसरली. गुडघा सोलला, मनगट सुजलं. मुलगा म्हणाला, "आई, आता सायकल पुरे." दोन दिवस मलाही तसंच वाटलं. मग लक्षात आलं की चूक सायकलीची नव्हती. घाईने उतरायची होती. आणि शेवाळावर त्या वेळी काय काय चिरडलं असेल, ते मी पडल्यावर जमिनीजवळून पाहिलं.

तेव्हापासून रीत बदलली. ती तुमच्यासाठीही लिहिते.

सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी चाकाखाली बघायचं. मांजर झोपलेलं असतं, मुंग्या असतात. वस्तू उचलताना-ठेवताना बघणं हीसुद्धा समितीच आहे, आदान-निक्षेपण. चढताना सायकलच्या मध्ये, सीटच्या पुढे दोन्ही पायांवर उभं राहायचं. उजवं पायडल वर घ्यायचं, त्यावर जोर देऊन उठायचं आणि मग सीटवर बसायचं. उतरताना ब्रेकने वेग अगदी कमी करायचा, सीटवरून पुढे यायचं, सायकल थांबली की खाली बघून आधी डावा पाय टेकायचा.

पुष्कळ जणी बसल्या बसल्या पाय टेकावेत म्हणून सीट खाली करून घेतात. त्याने पायडल मारताना गुडघे फार दुमडतात आणि दुखतात. वर सांगितल्याप्रमाणे चढलं-उतरलं तर सीट हवी तेवढी उंच ठेवता येते. आज सायकलीचे जाणकार सगळ्यांना, पुरुषांनाही, हीच रीत सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी घागऱ्यातल्या बायकांनी नाइलाजाने धरलेली ही रीत.

नातीला मी हेच शिकवलं. पहिल्या दिवशी पायडलवरून पाय निसटत होता. दुसऱ्या दिवशी उठायची पण बसायला विसरायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यापासून लांब, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, खाली बघितलं, पायडल वर घेतलं आणि निघाली. मी धरायला पुढे झाले नव्हते.

रात्री आक्काला फोन केला. आता तिची सत्तरी उलटून गेली आहे, गुडघ्यांनी दमली आहे. तिला सगळं सांगितलं, पायडल वर कसं घ्यायचं तेही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच होतं व्हय गं? मला कुणी दाखवलंच नाही बघ."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी मुलगी पायरीवरून सायकलवर चढत असेल, तर या सुटीत तिला मोकळ्या अंगणात चढायला शिकवा. आणि तुमची आई, आत्या, मावशी कशी चढायची ते आठवत असेल तर मला जरूर कळवा. आक्कालाही वाचून दाखवीन.